चंद्रभानच्या माउसचं दुखणं

अकोटकडच्या जुन्या माणसांना चंद्रभान गावंडेचं तोंड दाखवलं तर ओळखणार नाहीत, पण आवाज ऐकवला तर लगेच पिशवी उचलून उभे राहतील. एसटी स्टँडवर कंट्रोलर होता तो. काचेच्या केबिनमध्ये बसून भोंग्यावरून सांगायचा, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. अंजनगाव, परतवाडा मार्गे अमरावतीला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे." घरी 'मले-तुले', आणि भोंग्यापुढे बसला की असा शुद्ध की त्याची बायको पार्वताबाई म्हणायची, "ह्या मानसाशी मायं लगन झालंच नाई. हा कोनी दुसराच हाय."

लग्नसराईतली एक गोष्ट सांगतो. दोन वराती एकाच वेळी स्टँडवर, एक दर्यापूरची, एक तेल्हाऱ्याची. एक नवरदेव पाणी प्यायला उतरला आणि परत येताना दुसऱ्याच गाडीत जाऊन बसला. मुंडावळ्यांतून दिसते काय डोंबल! गाडी सुटायच्या बेतात. चंद्रभानने केबिनमधून पाहिलं, भोंगा उघडला आणि म्हणाला, "तेल्हारा गाडीत बसलेले दर्यापूरचे नवरदेव यांनी कृपया खाली उतरावे. आपली नवरी वेगळी आहे." अख्खं स्टँड हसलं. वरमाय हसली, ड्रायव्हर हसला, नवरदेव मात्र खाली मान घालून उतरला. पुढे कित्येक वर्षं तो नवरदेव अकोटला आला की चंद्रभानला पेढे द्यायचा म्हणे.

आमची ओळख त्याच्याही आधीची. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात आम्ही शाळा शिकलो. एक खोली, एक गुरुजी, चार वर्ग. गुरुजींचा घसा बसलेला असायचा, म्हणून हजेरी चंद्रभान घ्यायचा. मी शाळेत नसलो तरी माझी 'हजर' तोच म्हणायचा, तेही माझ्या आवाजात. पुढे मी शेतीला लागलो आणि वलगावला आलो, तो नोकरीला लागला आणि अकोटला गेला. माझ्या घरात आज नातवंडं इतकी की दारात चप्पल काढायला जागा शोधावी लागते. त्याच्याकडे एकुलता रोहित. रोहित इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, तिकडेच लग्न केलं. गीतांजली नावाची चांगली सून मिळाली. आणि गेल्या हिवाळ्यात पार्वताबाई गेली.

तेव्हापासून चंद्रभान एकटा. एकटा माणूस कसा राहतो ते मला त्याच्याकडे गेल्यावर कळलं. दोन खोल्यांत दिवा लावत नव्हता. ताटलीवर झाकायला दुसरी ताटली काढत नव्हता, कारण मग दोन घासाव्या लागतात. शेजारची तानुबाई भाजीचा ठेला लावते, ती सकाळी जाता जाता दारातून ओरडायची, "कंट्रोलर साहेब, जित्ते हा का?" तो आतून म्हणायचा, "गाडी वेळेवर हाय." एवढंच त्याचं दिवसाचं बोलणं. माझे फोन जायचे अधूनमधून, पण पेरणी, डवरणी, फवारणी चालू झाली की शेतकऱ्याच्या फोनचं काय खरं!

त्याच्या घरी एक संगणक होता. मोठा, टेबलावरचा. रोहित कॉलेजात असतानाचा. पोरगा पुण्याला गेला, संगणक बापाजवळ राहिला. रोहितने त्याला शिकवलं, असं उघडायचं, असं लिहायचं, इथं माझं तोंड दिसते. मोबाइल होता त्याच्याकडे, पण त्यावर बोट लावणं त्याला रुचत नव्हतं. खुर्चीवर बसून, समोर काच, हाताशी बटणं, असं असलं की त्याला बरं वाटायचं. मला म्हणाला होता, "बापू, अठी बसलो का केबिनमधी बसल्यासारखं वाटते. फक्त गाड्या येत नाईत."

त्याचा शिरस्ता असा होता. पडद्याचे दोन भाग करायचा. डाव्या खिडकीत खंजेरीची भजनं लावायची, उजव्या खिडकीत रोहितला लिहायचं. काय खाल्लं, कोण भेटलं, नळाला पाणी आलं की नाही. रोहितचं उत्तर कधी यायचं, कधी नाही. पोराला काम असते बाबा. चंद्रभानची त्यावर तक्रार नव्हती. दर रविवारी मात्र पोरगा पडद्यावर दिसायचा, आणि रविवारी चंद्रभान दाढी करायचा.

दिवाळीच्या तोंडावर भानगड सुरू झाली.

त्याने लिहायला घेतलं की अक्षरं गायब व्हायची. लिहितो उजव्या खिडकीत, आणि शब्द अर्ध्यात तुटायचा. भजन मधेच थांबायचं, परत चालू व्हायचं. पडद्यावरचा तो बाण, ज्याने आपण बोट ठेवल्यासारखं करतो, तो आपला आपण सरकायचा. चंद्रभान परत ओढून आणायचा, दाबेपर्यंत तो भलत्याच खिडकीत गेलेला, तरी परत लिहायचा. रोहितला जे पोहोचायचं ते असं: "आज भा केली तानु ले दिल जेव नाई." आता हे वाचून पुण्यात बसलेला पोरगा घाबरणार नाही तर काय करणार?

रोहितचा फोन आला. "बाबा, तुम्ही हे काय लिहिलंय? तुम्ही जेवला नाहीत का?"

"जेवलो न बावा. आलूची भाजी केली, तानुबाईले दिली, जेवून उठलो. असंच लिवलं होतं म्या."

"असं नाही लिहिलं बाबा."

"मंग कॉम्प्युटरनं खाल्लं असन."

रोहितने तिकडून, पुण्याहून, त्याच्या संगणकात शिरून पाहिलं. तशी सोय असते म्हणे, त्याच्या पडद्यावर याचा पडदा दिसतो. त्याने काय पाहिलं? बाण थरथरताना पाहिला. एका जागी ठरत नव्हता, चिमणीच्या मानेसारखा इकडे-तिकडे. आणि पोराला वाटलं, हा बाबांचा हात आहे.

तो बापाला तसं काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून फोन सकाळी एक, संध्याकाळी एक. "बाबा, काय खाल्लं? बाबा, कोणता वार आहे आज? बाबा, गॅस बंद केला का?" चंद्रभान काही बुद्दू नव्हता. ज्याने आयुष्यभर चुकलेल्या लोकांना त्यांची गाडी दाखवली, त्याला आपल्याला कोणत्या गाडीत बसवून राहिले ते कळणार नाही?

तो गुपचूप आपली परीक्षा घ्यायला लागला. हे त्याने मला नंतर सांगितलं. सकाळचा चहा कपातून बशीत ओतायचा आणि पाहायचा, धार हलते का. उठल्याउठल्या जुने थांबे म्हणायचा. अकोटहून निघाला की अंजनगाव, पथ्रोट, परतवाडा. परत फिरला की उलटे. एक दिवस पथ्रोट राहून गेलं. म्हणाला, "बापू, त्या दिवशी दिवसभर पथ्रोट पथ्रोट करत बसलो."

मग त्याने ठरवलं की संगणकच दाखवून आणू. आता संगणक म्हणजे काय? आपल्या मते तो मोठा डबा. सगळे तार त्यालाच लागतात, आवाजही तोच करते. त्याने तार काढले, डबा धोतराच्या जुन्या पानात गुंडाळला, ऑटोत मांडीवर घेतला आणि बाजारातल्या दुकानात नेला. दुकानदाराने तिथला पडदा, तिथला माउस लावून पाहिला. सगळं लख्ख. "काका, काही बिघाड नाही. घेऊन जा." चंद्रभानने घरी आणून जोडला, लिहायला बसला, आणि अक्षरं परत पळाली.

हे त्याने रोहितला सांगितलं. खरं बोलायची सवय! आणि तिथंच फसला. संगणक चांगला आहे म्हटल्यावर बिघाड उरला कुणात? रोहित पुण्याहून म्हणाला, "बाबा, आता हट्ट नको. येत्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. इकडे चांगला डॉक्टर पाहून ठेवलाय. घराला कुलूप लावू, तुम्ही आमच्याकडेच राहायचं."

"किती दिवस?"

"आता कायमचंच बाबा."

चंद्रभानने मला फोन केला. इकडचं तिकडचं बोलला, सोयाबीन कसं झालं विचारलं, बोंडअळी आली का विचारलं. मग म्हणाला, "बापू, घर बंद व्हायच्या आधी येऊन जाय एकदा."

"घर बंद काहून?"

"मले भुलायला होऊन राहिलं म्हणतात."

मी दुसऱ्याच दिवशी वलगावच्या फाट्यावरून अकोटची गाडी धरली. कापसाचे दिवस. जिनिंगपुढे ट्रॅक्टर, बैलबंड्या अशा लागलेल्या की आमची गाडी मुंगीसारखी चालली. शेजारी बसलेला एक माणूस जवायाची कहाणी सांगत होता. मी त्याला आमच्या जवायाची सांगितली, माझी जास्त चांगली निघाली. पण ते जाऊ द्या.

चंद्रभान स्टँडवर घ्यायला आला नव्हता. पहिल्यांदाच. घरी गेलो तर दार उघडं, हा खुर्चीवर, पडद्यापुढे, हात मांडीवर. कपाटातले कपडे पलंगावर काढून ठेवलेले. पार्वताबाईची दोन लुगडी वेगळी.

"हे काय, निघाला बी?" मी म्हटलं.

"रविवारी निघाचं हाय. लुगडी कोठी ठेवाव, थे समजत नाई. पुन्यात नेऊन काय करू? आन अठी ठेवली तर कोन उनात घालन?"

मी पिशवी खाली ठेवली. मग मी म्हटलं, "आधी चाय कर. मंग पाहू तुले किती भुलायला झालं ते."

त्याने चहा केला. साखर घातली, आलं घातलं, माझी बशी मोठी लागते हे लक्षात ठेवून मोठी बशी दिली. चहा ओतताना मी मुद्दाम त्याच्या हाताकडे पाहिलं. त्याने ते पाहिलं.

"तू बी पाहून राहिला काय गा?"

"मी चहाकडे पाहून राहिलो. कमी दिला म्हणून."

तो हसला. तेवढ्यात दारातून तानुबाई डोकावली. ठेला लोटून आली होती, पदराने तोंड पुसत म्हणाली, "हे वलगावचे काय? सांगा वो यायले. पोरगा सोन्यासारका नेतो म्हनते आन हे थोबाड पाडून बसले. माया पोट्टा मले अमरावतीले सुद्दा नेत नाई."

"तुले नेलं तर भाजीचा भाव कोन चढवन?" चंद्रभान म्हणाला.

"पाहा! याले म्हनते भुलले! गेल्या सालचा कोथमिरीचा भाव बी याद हाय यायले." असं म्हणून ती गेली.

मग मी खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसलो. मला संगणकातलं काय कळते? नातीने, प्रणालीने, सातबारा कसा काढतात ते दाखवलं होतं, तेवढंच. पण बिघाड म्हटलं की आपल्याला हौस. आमच्या विहिरीवरची मोटर एकदा पाणी सोडेना. ती खोलून अमरावतीला नेली, कारागिराने सांगितलं, मोटर झकास. परत आणून बसवली, पाणी नाही. असं दोनदा झालं. शेवटी विहिरीत उतरून पाहिलं तर पाइपाच्या टोकाच्या झडपेत, फुटवॉलमध्ये, बेडूक अडकलेला. मोटर दोनदा अमरावती पाहून आली, बेडूक घरीच. म्हणून मी त्याला विचारलं, "दुकानात काय काय नेलं होतं तू?"

"डबा."

"आन हा उंदीर?"

"माउस? थो कायले न्याचा? थो तं नुसता धराचा."

"बरं. लिव."

त्याने डावीकडे भजन लावलं, उजवीकडे लिहायला घेतलं. 'मी' लिहिलं. 'मी' उमटलं. मग शब्दांमधली जागा सोडायचं लांब बटण दाबलं, आणि भजन थांबलं. 'बरा' लिहिलं, कुठेच उमटलं नाही. परत लांब बटण, भजन चालू. मी दोन-तीन वेळा पाहिलं. गडी लिहीत होता रोहितला, आणि बटणं जात होती भजनी मंडळाला.

"हे असं," चंद्रभान म्हणाला. "मी अठी म्हणतो आन थे तठी जाते. मायाच हातून जात असन."

"बाण पाय. बाण इकडच्या खिडकीत होता, तिकडं कसा गेला?"

"हात हलते न बापू माया."

"हात कोठी हाय तुया? दोन्ही हात तं बटनावर हायत."

तो थांबला. मी म्हटलं, "हात काढ. टेबलावरूनच काढ. मांडीवर ठेव."

त्याने ठेवले. मीही माझे हात मांडीवर ठेवले. दोन म्हातारे, चार हात मांडीवर, आणि समोर पडद्यावर बाण थरथरत होता. थोडा उजवीकडे, थोडा खाली, परत डावीकडे. मग हळूहळू सरकत मधली रेघ ओलांडून डाव्या खिडकीत गेला.

चंद्रभान त्याच्याकडे पाहतच राहिला. काही वेळाने म्हणाला, "हा मी नाई."

"नाई."

"बापू, हा मी नाई गा." त्याने दोन्ही तळहात वर करून पाहिले, जसं काही कुणी ते परत आणून दिले होते. मग उठला, मोरीत गेला, तोंडावर पाणी मारलं. मी मुद्दाम भजनाकडे लक्ष दिलं.

तो परत आल्यावर आम्ही माउस उलटा केला. खाली एक भोक असते, त्यातून लाल उजेड पडतो. त्या उजेडाचं तोंड लिंपून टाकलेलं. सुकलेलं, काळपट लाल. त्यात तांदळाचा एक दाणा चिकटलेला.

"हे काय हाय?" मी विचारलं.

चंद्रभानने नखाने थोडं खरवडलं, बोटावर चोळलं. आणि त्याचं तोंड असं झालं की मला हसू यावं की रडू, कळेना.

"कुंकू हाय," तो म्हणाला.

खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पुजतात. शेतकऱ्याचा विळा, कुदळ, पार्वताबाईच्या घरी शिवणयंत्र, कुलर, सायकल आणि हा संगणकही. दरवर्षी ती करायची. कशाला कुठं बोट लावायचं ते तिला माहीत. यंदा पहिलाच दसरा तिच्याशिवाय. चंद्रभानने एकट्याने सगळं मांडलं. झेंडूची फुलं तानुबाईकडून आणली. पडद्याला कुंकू लावलं, डब्याला लावलं. माउसला कुठं लावावं ते समजेना. पाठीवर लावलं तर हाताला लागणार. उलटा करून पाहिला तर तिथं लाल दिवा.

"म्हटलं, जठी उजेड तठी देव," तो म्हणाला. "तेलात कालवून लावलं, पडू नये म्हणून. अक्षता बी लावल्या."

"देवाच्या डोळ्यात बोट घातलं तू."

"ती कोठी लावत होती, थे कधी पायलंच नाई गा म्या. समोरच बसलेलो राहो. पायलंच नाई."

आम्ही फुलवात घेतली, काडीला गुंडाळली, आणि ते भोक हळूहळू कोरून स्वच्छ केलं. कानातला मळ काढतात तसं. दिवा मोकळा झाला. माउस टेबलावर ठेवला, हात काढले. बाण गप्प. खिळा ठोकल्यासारखा. मी टेबलावर बुक्की मारून पाहिली, तरी गप्प.

"लिव आता."

त्याने लिहिलं. एक ओळ छान गेली. मग त्याने दोन्ही हातांनी लिहायला जागा व्हावी म्हणून माउस कोपराने बाजूला सारला आणि, काय सांगू तुम्हाला, भजन परत थांबलं.

निम्मा आजार गेला, निम्मा राहिला. पण आता चंद्रभान घाबरला नाही. केबिनमधला माणूस जागा झाला होता. त्याने माउस डावीकडे नेला, कुठेही न दाबता. डावी खिडकी आपोआप पुढे आली. उजवीकडे नेला, उजवी पुढे. परत डावीकडे, परत उजवीकडे.

"पयले असं नव्हतं," तो म्हणाला. "पयले खिडकीवर नेऊन बटन दाबल्याबिगर थे आपलं म्हणत नव्हती. आता नुसतं दारातून गेलं तरी आत ओढून घेते. हे माया कुंकवानं होनार नाई. हे कोनीतरी केलं."

"कोनाले येते असं करता?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या संगणकात त्याच्याशिवाय शिरणारा माणूस एकच होता.

चंद्रभानने मोबाइल हातात घेतला. आणि नुसताच धरून बसला. मला वाटलं, नंबर सापडेना.

"लाव न. सांग पोराले, बिघाड सापडला म्हणून. रविवारचं रद्द कर म्हणा."

"लावतो."

"मंग लाव."

"बापू, दिवाळीपासून थो दोन टाइम फोन करते. सकाळी बी, संध्याकाळी बी. काय खाल्लं इचारते." तो मोबाइलच्या काळ्या काचेवरून अंगठा फिरवत होता. "आता सांगतलं का थो निश्चिंत होईन."

"होऊ दे न निश्चिंत. चांगलं हाय."

"निश्चिंत मानूस फोन करत नाई गा."

पलंगावर ती लुगडी होती. गेला तर पोराजवळ, पण पुण्यात, भुललेला बाप म्हणून, प्रत्येक घासाला कोणी पाहतंय असा. राहिला तर आपल्या घरात, आपल्या डोक्याचा मालक, आणि एकटा. त्याने काय करावं हे मी सांगायचं नव्हतं. त्याने लावला.

रोहितने लगेच उचलला. "बाबा! काय झालं? बरे आहात ना?"

"मी बरा हाय. एक सांग. तू मागं या कॉम्प्युटरमधी शिरला होता, तवा खिडक्याईचं काही बदललं होतं काय?"

रोहित बोलला, आणि त्याची पुण्याची भाषा कुठे गेली कोण जाणे. "हाव बाबा. म्या केलं होतं. तुमचा हात… म्हंजे, मले वाटलं तुमाले क्लिक करता तरास होऊन राहिला. म्हणून म्या असं करून ठेवलं का बाण नेला तरी खिडकी उघडावी. दाबाची गरज पडू नये."

"चांगल्यासाठीच केलं बावा."

"थे बरोबर नाई होऊन राहिलं काय?"

मग चंद्रभानने सगळं सांगितलं. हात मांडीवर ठेवून पाहिले, तेही. कुंकू, तेल, तांदळाचा दाणा, काहीही झाकलं नाही. रोहित ऐकत होता. मधे एकदा "आई कुठं लावायची?" असं विचारलं त्याने. चंद्रभान म्हणाला, "तुले बी मालूम नाई न?"

रोहितने तिकडून ते बदललेलं परत होतं तसं केलं. मग म्हणाला, "बाबा, लिहून दाखवा."

चंद्रभान सरसावून बसला. मान ताठ. लिहिलं: 'मी चंद्रभान गावंडे. आज शुक्रवार. सकाळी चहा-पोळी खाल्ली. गॅस बंद आहे. अंजनगाव, पथ्रोट, परतवाडा.' एकही अक्षर पळालं नाही. भजनाने एकदाही श्वास घेतला नाही.

तिकडे रोहित मोठ्याने हसला. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "सॉरी बाबा. मी पार डॉक्टरपर्यंत गेलो."

"अरे, माया बाप असता तं म्या बी गेलो असतो."

"मग तुम्हाला तिथंच राहायचंय ना?"

चंद्रभानने घराकडे एकदा पाहिलं. दिवा न लावलेल्या आतल्या खोलीकडेही पाहिलं. "हाव," म्हणाला.

"बरं मग. रविवारची गाडी मी रद्द करतो. ऑफिसातही सुट्टीवरून कुरकुर सुरूच होती. गीतांजलीला सांगतो, तीही टेन्शनमध्ये होती. बघू मग, उन्हाळ्यात येऊच."

"या. उन्हाळ्यात या."

फोन ठेवला. मी टाळी दिली, त्याने टाळी घेतली. त्या दिवशी आम्ही वांग्याची भाजी केली, पोराच्या नावाने शिव्या घातल्या, गुरुजींची आठवण काढली. कपडे त्याने परत कपाटात लावले. लुगडी झटकून, घडी मोडून, उन्हात टाकली. मी संध्याकाळच्या गाडीने निघालो. या वेळी तो स्टँडवर आला. केबिनमध्ये कोणी तरुण बसला होता, रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज भोंग्यावरून येत होता. चंद्रभान म्हणाला, "बाई चांगली बोलते. पन नवरदेव चुकला तं हिले दिसनार नाई." माझी गाडी निघेपर्यंत उभा होता.

पुढे कापूस वेचणीच्या गडबडीत माझाही फोन राहून गेला. संक्रांतीला तिळगुळाच्या निमित्ताने लावला. म्हटलं, "काय कंट्रोलर, माउस कसा हाय?"

"माउस झकास. एक अक्षर इकडचं तिकडं होत नाई."

"आन पोरगा?"

"थो बी झकास." मग म्हणाला, "आता म्या भल्ला लंबा लिवतो. कोन भेटलं, कोन मेलं, सगळं. थो तिकडून अंगठा पाठवते."

"अंगठा?"

"असा उभा अंगठा राहते न गा, पिवळा. म्हंजे वाचलं. इंजिनिअर केलं त्याले म्या, आन पोट्टा अंगठा लावून राहिला."

आम्ही दोघं हसलो. माझ्या मागे नातवंडांचा गोंधळ चालू होता, त्याच्या मागे काहीच नव्हतं. मग तो म्हणाला, "बापू, आज एक लिवलं हाय. पाठवलं नाई अजून. वाचून दाखवू?"

"वाच."

त्याने वाचलं. घरच्या बोलीत नाही, भोंग्यावरच्या आवाजात वाचलं, प्रत्येक शब्द सुटा, मधे जागा सोडून. "रोहित, संगणकात काही बिघाड नाही. माझ्या तब्येतीतही काही बिघाड नाही. तरी फोन कर."

मी नातवंडांना हातानेच बाहेर पिटाळलं.

"जास्त झालं काय?" त्याने विचारलं. "शेवटचं खोडू?"

"खोडू नको."

"पाठवू?"

"पाठव."

मला टेबलावर बटण दाबल्याचा बारीक आवाज ऐकू आला.

"गेलं," चंद्रभान म्हणाला.